गिअरबॉक्सचा खुराक

२ मार्च, रविवार
आजपासून गाडीची तांत्रिक वही. इतरांना अशी वही लागत नाही, कारण त्यांच्याकडे नुसते डबे आहेत. माझं स्पोर्ट मॉडेल आहे. सहा गिअर, मॅन्युअल. अकरा वर्षं जुनं आणि तिसऱ्या हाताचं, पण ते पुन्हा लिहिणार नाही.

तक्रार एकच. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर कुरकुरतो. आळेफाट्याला सावळेरामच्या गॅरेजवर नेली. हा माणूस जन्मभर ट्रक खोलत आलेला. त्यानं गिअरबॉक्सच्या भोकात बोट घातलं आणि तेलाचा चक्क वास घेतला. म्हणाला, "तेल म्हातारं झालंय भाऊ. गाडीच्या पुस्तकात जीएल-फोर लिवलंय, ते टाका. बाकी काय न्हाई."

पुस्तक म्हणे. पुस्तक साध्या गिऱ्हाइकासाठी छापतात.

संकल्प: तेल स्वतः अभ्यास करून निवडणे.

४ मार्च, दुकानात
अकरा व्हिडिओ पाहिले. झेरॉक्सला आलेल्या एका बाईंनी मला तीनदा हाक मारली असं त्यांचं म्हणणं. अभ्यासाची किंमत या तालुक्यात कुणालाच नाही.

निष्कर्ष: जीएल-फोर साध्या गाड्यांचं, जीएल-फाइव्ह जास्त ताकदीचं. चारापेक्षा पाच मोठे. एक जण सांगत होता की गिअर जुळवायला आत पितळी रिंगा असतात, त्यांना जीएल-फाइव्ह सोसत नाही, त्यातला गंधक पितळ खातो. त्याच्या मागच्या भिंतीला पोपडे आले होते. स्वतःची भिंत धड नाही आणि चालला जगाला शिकवायला. व्हिडिओ बंद केला.

६ मार्च
जुन्नरच्या बाजारात नेमीचंदशेठच्या दुकानी गेलो. सगळ्यात घट्ट जीएल-फाइव्ह मागितलं. शेठ म्हणाले की हे लोक ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलसाठी नेतात, कारच्या गिअरबॉक्सला थंडीत हे मधासारखं होईल. चाळीस वर्षं तेल विकून माणसाला मध वाईट वाटतो! वर म्हणाले, "नेताय तर न्या, पण परत आणून भांडू नका." मी कधी भांडलोय? चार्जरचं प्रकरण वेगळं होतं.

९ मार्च, रविवार
सासुरवाडी, आंबेगाव तालुका. सासरे गेणभाऊ शर्यतीची बैलं पाळतात आणि माझ्या गाडीला 'चिमणी' म्हणतात. गोठ्यात बैलांना अंडी, दूध, कणकेचे गोळे असं चाललं होतं. एवढा थाट जावयाचा नसतो. पण तिथंच डोक्यात प्रकाश पडला. घाटात पळायचं तर आत भारी माल पाहिजे, आणि भरपूर पाहिजे. गिअरबॉक्सही बैलच की. सासरे पुढं बारीबद्दल, म्हणजे शर्यतीतल्या धावेबद्दल काही सांगत होते, "पन पावणं, बारीच्या दिशी मातर..." मी उठलो. जुन्या पद्धती ऐकायला मला वेळ नाही.

जेवताना जाहीर केलं. सासऱ्यांच्या गावच्या यात्रेत शर्यती आटपल्या की माझी गाडी घाटात सोडायची. बैल ज्या चढावर धावतात त्याच चढावर, आणि बैलांपेक्षा कमी सेकंदात. सगळी पंगत हसली. प्रांजल, म्हणजे आमची ही, हसली नाही. तिनं सगळ्यांसमोर अट घातली. चढली तर ठेवा, नाही चढली तर विका. "चार वरसं झाली, गाडीवाल्याची बायकू असून मी एसटीनं हिंडतीय," असंही बोलली.

मान्य केलं. रात्री झोप लागली नाही. या गाडीत बसलो की मला झेरॉक्सवाला कुणी म्हणत नाही, निदान मी तरी म्हणत नाही. ती जाता कामा नये.

१५ मार्च, शनिवार
तेल स्वतः बदललं. नियम असा की भरताना भोकातून तेल बाहेर यायला लागलं की थांबायचं. हा नियम जॅक नसलेल्यांसाठी आहे. गाडी एका बाजूनं उचलली, अर्धा लिटर जास्त बसलं. वर ताकदीच्या औषधाची एक बाटली. एवढा खुराक जिल्ह्यात कुठल्या गिअरबॉक्सला मिळाला नसेल.

१८ मार्च, सकाळी ७
दुसरा गिअर पडतच नाही. पहिल्यातून थेट तिसऱ्यात. भारी तेल अंगी लागायला वेळ लागतो.

२४ मार्च
आता तिसराही करकरतो. नारायणगावच्या चौकात टोमॅटोचा टेम्पो थांबवून ड्रायव्हरनं विचारलं, "राव, काय मोडलं का?" काही मोडलं नाही. लोकांना स्पोर्ट मॉडेलचा आवाज माहीत नसतो.

१ एप्रिल
वारूळवाडीत घरासमोर गाडीखाली परातीएवढा काळा डाग. नको असलेलं तेल गाडी आपण होऊन बाहेर टाकते आहे. चांगलं लक्षण.

४ एप्रिल
क्लचमधून जळका वास. गाडी ओरडते जास्त, जाते कमी. आळेफाट्यावर सावळेरामनं हात करून थांबवलं. म्हणाला, "लई भरलंय तुमी. सील फोडून तेल क्लचवर उतरलंय. काढा ते, पाया पडतो." याच्या तोंडून पाया पडण्याची भाषा! शर्यतीआधी माझं खच्चीकरण करायचा डाव आहे. सासऱ्यांनी पढवला असणार.

१३ एप्रिल, यात्रा, सकाळी ६
अजून पाव लिटर. आजच्या दिवसाचा खास खुराक.

सकाळी १०
सासऱ्यांची बैलं उपाशी दिसली. हटकलं. म्हणाले, "बारीच्या दिशी पोट हलकं ठिवायचं. त्या दिशी त्येच तर सांगत व्हतो." असोत उपाशी. हरले की कळेल.

संध्याकाळी
सासऱ्यांचे बैल अकरा सेकंद आणि काही तरी. मग घाट मोकळा झाला, भोंग्यावर माझं नाव पुकारलं. काही हजार माणसं. झेंडा पडला. पहिला गिअर मिळाला. निम्म्या चढापर्यंत गेलो, हे नोंदवलं पाहिजे. त्यानंतर इंजिन पूर्ण जोरात होतं आणि गाडी जागेवर. धूर. मग गाडी मागे यायला लागली. हँडब्रेक ओढून बसून राहिलो. काच वर केली, कारण धूळ होती.

गेणभाऊंनी म्हातारी जोडी आणली. पाच वर्षं बारीत न उतरलेली. दोर बांधला. बैलांनी मान खाली घातली आणि अगदी सावकाश मला वर नेलं. भोंगेवाला सेकंद मोजत होता. "पावण्यांची गाडी, सहा मिन्टं बारा सेकंद! टाळ्या!" बैलांना गुलाल लावला. उरलेला बॉनेटवर टाकला.

१४ एप्रिल
प्रांजलपुढे मुद्दा मांडला. अट 'चढली तर' अशी होती. कुणी चढवली, हे अटीत नव्हतं. आणि गाडी चढली.

ती म्हणाली, "बैलांनी चढीवली. मग बैल ठेवा."

मुद्द्याला उत्तर नव्हतं म्हणून असं बोलली.

२० एप्रिल
सावळेराम गाडी विकत घेऊन गेला. टोचन करून, दोरानं ओढत. तेल काढताना मला मुद्दाम बोलावलं. ताटलीत पितळेचा चुरा चमकत होता. मी म्हटलं, पितळच मुळात हलक्या दर्जाचं असणार. त्यानं खांद्यावर हात ठेवला, तेलकट.

२२ मे, सकाळी ८, नारायणगाव स्टँड
जुन्नरच्या एसटीची वाट पाहत उभा. प्रांजलला खिडकीजवळ जागा कशी मिळवायची ते माहीत आहे, ती मला शिकवणार आहे.

आत्ताच सावळेराम समोरून गेला. माझ्या गाडीतून. मला पाहून थांबला. मी विचारलं, रिंगा नव्या टाकल्या ते कळलं, तेल कुठलं टाकलं. "तेच. पुस्तकातलं. जेवढं मावतं तेवढंच."

या गाडीला ते कमी पडेल, असं त्याला स्पष्ट सांगणार होतो. तेवढ्यात तो निघाला. मी कान देऊन उभा राहिलो. पहिला, दुसरा, तिसरा. गिअर कधी पडले, मला ऐकू आलं नाही.