जप्ती पावतीवरील ‘सिगारेट’ हा शब्द बदलून मिळण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य निरीक्षक,
प्रवासी सामान तपासणी विभाग,
विमानतळ कार्यालय.

अर्जदार: शौकी अब्दुल मौला दमीरी, निवृत्त ट्राम तिकीट तपासनीस.
कायमचा पत्ता: तिसरा मजला, इमारत क्र. १४, मुहर्रम बेक, अलेक्झांड्रिया.
सध्याचा पत्ता: त्याच इमारतीचा तळमजला, दरवानाची खोली.

विषय: पावतीवरील ‘सिगारेट’ हा शब्द वगळून त्या जागी ‘बॅटरी’, ‘यंत्र’ किंवा ‘इतर’ यांपैकी आपल्या सोयीचा कोणताही शब्द घालून मिळण्याबाबत.

संदर्भ: आपल्या विभागाची जप्ती पावती क्र. ४१७, निरीक्षक वजदी यांच्या सहीची.

महोदय,

वरील दोन पत्त्यांमध्ये तीन जिने आहेत आणि ते चढण्यास मला सध्या मनाई आहे. मनाई माझी पत्नी श्रीमती इन्साफ यांची असली, तरी तिचे मूळ उपरोक्त पावतीत आहे. येत्या गुरुवारी दरवान गावाहून परत येत असून त्याला त्याची खोली लागेल. तत्पूर्वी निर्णय न झाल्यास चौतीस वर्षे संसार केलेला माणूस जिन्याखाली येईल. आताच इमारतीतले लोक मला पाव आणायला सांगू लागले आहेत, आणि मी आणतोही. वस्तुस्थिती खालीलप्रमाणे आहे.

१. मी चाळीस वर्षे सिगारेट पीत होतो. (आपल्याकडे सिगारेट ओढत नाहीत, पितात, हे आपणांस ठाऊक आहेच, परंतु पुढे सगळे घोडे याच क्रियापदावर अडले असल्याने मुद्दाम नमूद करीत आहे.) दोन वर्षांपूर्वी खोकला इतका बळावला, की समोरच्या इमारतीतल्या बायका खिडकीतून मला दुवा देऊ लागल्या. इन्साफने एके दुपारी जेवणाच्या ताटाऐवजी माझ्या छातीचा एक्स-रे पुढ्यात ठेवला. त्या भरात, सासूबाईंच्या समक्ष, मी शपथ घेतली. शपथेचे शब्द जसेच्या तसे देतो: “इन्साफ, यापुढे मी एक जरी सिगारेट प्यालो, तर तुला तलाक.” अशी शपथ आपल्याकडे भाजीवाला वांग्याच्या ताजेपणावरही घेतो आणि वांगी शिळीच निघतात. परंतु सासूबाई साक्षीला असल्याने माझी जरा जास्तच घट्ट बसली.

२. सदर शपथ मी एकवीस दिवस पाळली. बाविसाव्या दिवशी रस्त्यावरच्या दुकानातून एक वेप, म्हणजे बॅटरीवर वाफ काढणारी नळी, विकत घेतली. “ही सिगारेट आहे का?” असे मी दुकानदाराला रीतसर विचारले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणाला, “छे हो उस्ताद, ही नुसती वाफ.” हा खुलासा मला पुरेसा वाटला. घरी मी सांगितले, की हा डॉक्टरांनी दिलेला वाफारा आहे, छातीसाठी, आंब्याच्या वासाचा. इन्साफने तीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवले. एका नुक्त्याची चूकही ती कुणाला माफ करत नाही. पण माझ्यावर तिने विश्वास ठेवला. वाफाऱ्याला थंडी बाधू नये म्हणून तिने लाल लोकरीचे आवरण विणले आणि त्यावर पांढऱ्या टाक्यांनी ‘शौकी’ असे नाव घातले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने सांगे, “आमच्या शौकीचा खोकला वाफाऱ्यानं पळाला बघा.” मला तेव्हा फार लाज वाटे. लाज वाटली, की मी बाल्कनीत जाऊन वाफारा घेत असे.

३. गेल्या महिन्यात आमची मुलगी रघदा हिच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता कुवेतला निघालो. सामान इन्साफने भरले. वाळवलेली मुलूखियाची भाजी आणि बाळाची दुपटी यांच्या मधोमध तिने माझा वाफारा ठेवला, आणि तोही विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत. “हातात धरलास तर हरवशील,” असे तिचे म्हणणे. साहेब, नियम मला तोंडपाठ होता. अशी बॅटरीची वस्तू पोटातल्या सामानात चालत नाही, जवळ बाळगावी लागते. विमानात ती वापरायचीही नाही आणि चार्जिंगलाही लावायची नाही. एकतीस वर्षे लोकांना नियम दाखवून ट्राममधून उतरवलेला माणूस मी. परंतु “बॅगेत नको” म्हणावे, तर “का नको?” आले, आणि त्या ‘का’चे खरे उत्तर म्हणजे कबुलीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी बॅगेचे कुलूप लावून दिले.

४. विमानतळावर माझ्या नावाचा भोंग्यावरून पुकारा झाला. आम्ही दोघे गेलो. निरीक्षक वजदी यांनी बॅग उघडून लाल आवरण बाहेर काढले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, “हाजी, हे आत नाही चालत. खिशात टाका आणि निघा बघू.” (मी हजला गेलेलो नाही, आपल्याकडे केस पिकले की माणूस हाजी होतो.) नियमानुसार तेवढे पुरेसे होते. मी ती वस्तू खिशात टाकली असती, तर हा अर्ज जन्मालाच आला नसता. परंतु इन्साफ शेजारी उभी होती आणि माझी बुद्धी फिरली. मी म्हणालो, “हे माझं नव्हेच.” आवरणावर माझे नाव होते. ते वजदी यांनी मोठ्याने वाचले.

इन्साफ त्यांना म्हणाली, “विमानाला घाबरलेत रे, बाळा. छातीचा वाफारा आहे तो यांचा, दे इकडे.” त्यावर निरीक्षक वजदी यांनी उद्गार काढले: “कसला वाफारा, खाला? सिगारेट आहे ही! माझा मेव्हणा हीच पितो. आंब्याचीच.”

इन्साफ ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. तिने आवरण काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवले, आतली वस्तू टेबलावर ठेवली आणि ती एकटीच पुढे निघून गेली. विमानात तिने जागा बदलून घेतली. कुवेतमध्ये बारा दिवस ती माझ्याशी मुलीमार्फत बोलली. “रघदा, तुझ्या बापाला विचार, मीठ हवंय का,” असे. मी हातभर अंतरावर बसलेलो असे.

५. मालकानेच नाकारल्यामुळे वस्तू जप्त झाली व पावती निघाली. तीवर छापले आहे: ‘मालकी नाकारलेली सिगारेट, एक नग.’ मी वाकून पाहिले होते, वजदी यांच्या पडद्यावर चार चौकटी होत्या: धारदार, ज्वालाग्राही, सिगारेट, इतर. त्यांनी बोट अर्धा इंच खाली दाबले असते, तर माझे घर वाचले असते.

६. परत आल्यावर मी गल्लीतल्या मशिदीचे शेख इम्बाबी यांच्याकडे गेलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले, मध्ये दोनदा तोंडावर रुमाल धरला, आणि निर्णय दिला: “शपथ तू स्वतःला धाक घालायला घेतलीस, बायकोला सोडायला नव्हे. दहा गरिबांना जेवू घाल आणि घरी जा.” मी दहा जणांना पोटभर ‘फूल’ची उसळ आणि ताअमियाचे वडे खाऊ घातले आणि नाचत तिसरा मजला गाठला. दार उघडले नाही. आतून आवाज आला: “शेखसाहेबांनी सोडलं तुला. अल्लाहनंही सोडलं असेल, तो दयाळू आहे. मी नाही. सरकारच्या कागदावर सिगारेट लिहिलंय ना? जा, सरकारकडून दुसरं काहीतरी लिहून आण.” माझ्या नोकरीच्या सवयीप्रमाणे मी हे वाक्य शब्दशः घेतले व प्रस्तुत अर्ज लिहावयास बसलो.

७. माझे म्हणणे असे, की आपलाच विभाग सदर वस्तूला सिगारेट मानीत नाही. प्रवेशद्वारावरील आपल्या फलकावर ती कोठे आहे ते पाहावे. ती मोबाइल, लॅपटॉप आणि पॉवर बँक यांच्या रांगेत, ‘बॅटरीच्या वस्तू’ या मथळ्याखाली बसली आहे. मोबाइल जवळ बाळगला म्हणून आजवर कुणाचा तलाक झालेला नाही. (मोबाइलमध्ये काय आढळले, हा प्रश्न वेगळा.)

त्याहून मोठा मुद्दा असा. आमच्याच विमानाने जाणाऱ्या एका गृहस्थाच्या बॅगेत खऱ्या सिगारेटींची खोकी रचून भरलेली मी या डोळ्यांनी पाहिली. ती विमानाच्या पोटात सुखाने गेली, कारण सिगारेट पोटात चालते. माझी वस्तू बाहेर काढली, कारण ती पोटात चालत नाही. म्हणजेच ती सिगारेट नाही, हे आपल्या विभागाने ती बाहेर काढून स्वतःच सिद्ध केले आहे. एकच वस्तू बॅगेतून काढताना बॅटरी आणि पावतीवर चढताना सिगारेट, हे कसे? ट्राममध्ये आम्ही एकाच प्रवाशाला चढताना लहान मूल आणि उतरताना प्रौढ धरीत नव्हतो. शिवाय क्रियापद पाहावे: सिगारेट पितात. बॅटरी कुणी पीत नाही.

८. इथवर लिहून झाल्यावर अर्ज मला स्वतःला इतका पटला, की मी उठून दोन पायऱ्या चढलोही. मग पुन्हा खाली येऊन बसलो. कागदावर सरकारी तिकिटे चिकटवलेली आहेत आणि अशा कागदावर अर्धे लिहिणे माझ्या हातून होत नाही, म्हणून पुढचे कळवतो.

इन्साफ निघून गेल्यावर मी त्या टेबलापाशीच उभा होतो. माझ्या डोळ्यांना पाणी आले होते. निरीक्षक वजदी यांना माझी दया आली. त्यांनी मला दंडाला धरून धूम्रपानाच्या खोलीत नेले, पाकीट पुढे केले आणि म्हणाले, “घ्या हाजी, बायका काय, निवळतात.” पुढे केलेली सिगारेट नाकारणे म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर दार आपटणे, हे आपण जाणता. पण ते कारण नव्हे. मला ती हवी होती. मी ती प्यालो. कागदाची, तंबाखूची, काडीने पेटवलेली, पार बोटाला चटका बसेपर्यंत. तिची पावती कुणी केली नाही. शेखसाहेबांनाही मी ती सांगितली नाही. त्यांनी दहा माणसे वाफेसाठी सांगितली होती. आणि साहेब, ती सिगारेट पिताना मला सर्वांत जास्त वाईट याचे वाटत होते, की दोन वर्षांत मी इन्साफला एकदाही म्हणालो नाही, “मला सुटत नाहीये गं.” ती ओरडली असती आणि मग काहीतरी मार्ग काढला असता. ती तशीच आहे.

९. माझे व्याकरण कच्चे असल्याने वरील मसुदा तपासणीसाठी तिसऱ्या मजल्यावर पाठवणे भाग होते. इन्साफ रोज दुपारी बाल्कनीतून दोरीची टोपली सोडते. जेवण येते, बोलणे येत नाही. काल मी रिकाम्या भांड्याबरोबर मसुदा ठेवला. तासाभराने टोपली खाली आली. अकरा चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या होत्या (वरील प्रत सुधारित आहे). पाठोपाठ ती स्वतः कठड्याशी आली आणि एकवीस दिवसांनी प्रथमच मुलीमार्फत किंवा दाराआडून नव्हे, तर थेट माझ्याशी, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने, बोलली:

“सात कलमं नुसती वाफ आहे रे, शौकी! आठव्यात माणूस सापडला.”

ती पुढे म्हणाली, “अर्ज दे. एक अक्षर गाळू नकोस. साहेब शहाणा असेल तर फेटाळेल. तो नकार शिक्क्यासकट घेऊन ये आणि मग जिना चढ. तुझी थाप कुणीतरी नाकारलेली मला एकदा बघू दे. मला दोन वर्षं नाही जमलं ते.” आणि तिने डोळे पुसले. चष्मा पुसल्यासारखे केले, पण डोळेच पुसले.

तरी महोदय, वरील सर्व मुद्द्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार करून प्रस्तुत अर्ज कृपया फेटाळावा. पावतीवरील शब्द आहे तसाच ठेवावा. जप्त वस्तू परत करू नये. मी पुन्हा येऊन रडलो तरी करू नये. नकार शक्य तितक्या कडक शब्दांत, गुरुवारपूर्वी, लेखी मिळावा. शिक्का ठळक उमटवावा, कारण तो तिसऱ्या मजल्यावरून दिसायला हवा.

आपल्या नकाराची वाट पाहणारा,
आपला नम्र,

शौकी अब्दुल मौला दमीरी
सोमवार, १३ ऑक्टोबर

सोबत:
१. जप्ती पावतीची प्रत.
२. फलकाचे छायाचित्र.
३. पत्ता लिहिलेले रिकामे पाकीट. नकार टपालाने पाठवणार असल्यास तो श्रीमती इन्साफ यांच्या नावे पाठवावा. मी मध्ये उघडणार नाही.