बायका गप्प राहिल्या की धावल्या?

मंगळवार संध्याकाळ, खिदिरपूर

शेजारच्या रोझी आंटींना हल्ली नीट दिसत नाही, म्हणून मी त्यांना बायबल वाचून दाखवते. आज अडलेच. येशूचं थडगं रिकामं दिसल्यावर मार्कच्या शुभवर्तमानात बायका भीतीने कुणालाच काही सांगत नाहीत. मत्तयच्यात त्याच बायका सांगायला धावत सुटतात. मग खरं काय? विचारलंच.

त्या म्हणाल्या, "नवऱ्याचं जहाज बुडालं, पण तो वाचलाय, असा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. नंतर अख्ख्या बिल्डिंगला सांगत फिरले. बहीण म्हणेल गप्प होती, खालचे म्हणतील ओरडत होती."

पटलं. तरी एक राहिलंच. त्या बायका गप्पच राहिल्या, तर मार्कला कळलं कुणाकडून?

आंटी म्हणाल्या, "इतकी वर्षं ऐकतेय, हे मनातच आलं नाही. उद्या तेवढंच परत वाच."