ड्यूटी शीटचा मालक

४ जून, सोमवार
साहेब गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले. जाताना लाँड्रीच्या ड्यूटी शीटची ओनरशिप माझ्या नावावर केली. म्हणाले, तुझा फोन तसाही दिवसभर हातातच असतो. पारख आहे साहेबांना. हॉटेलच्या तळघरात आम्ही इतकी माणसं चादरी धुतो, पण शीटचा ओनर एकच. ओनर म्हणजे मालक.
आईला लगेच फोन केला. मालक झालो म्हटलं. कशाचा रे, तिने विचारलं. शीटचा, म्हटलं. म्हणजे चादरींचा कारखाना, म्हणाली आणि रडायलाच लागली. समजावून सांगणार होतो, पण रेंज गेली.
रेंज गेली नव्हती. मी फोन ठेवला. उद्या नक्की सांगायचं.

५ जून
शिस्त हवी. आतापर्यंत जो तो शीटमध्ये घुसून स्वतःची ड्यूटी बदलायचा. माझ्या नावापुढे तर कुणीतरी 'झोपाळू' लिहून ठेवलंय. आता बंद. सगळ्यांना नुसतं बघायची परवानगी. बदल फक्त ओनर करणार. ज्याला अडचण असेल त्याने रिक्वेस्ट टाकायची, कारण लिहायचं.
आईला सांगायचं राहिलं. दमलो होतो.

६ जून, जेवणाची सुट्टी
इस्त्रीकाका आले. मोठ्या मशीनवर असतात. चादरीची घडी मला यांनीच शिकवली, पण ते जाऊ दे. म्हणाले, मालक, माझी रविवारची ड्यूटी तेवढी काढ. मुलगी येतेय. इथे गाडी बदलणार, दुपारभर स्टेशनवर थांबेल. तीन वर्षं झाली तिला बघून. बदल्यात पुढचे दोन रविवार मी करतो.
मी म्हटलं, काका, रिक्वेस्ट टाका.
म्हणाले, अरे लेका, मी तुझ्यासमोर उभा आहे.
मी म्हटलं, सिस्टिममध्ये उभे राहा.
बोललो ते जरा जास्तच झालं. पण मालकाला एवढं बोलावं लागतं.

७ जून
काकांची रिक्वेस्ट आली. कारणाच्या रकान्यात एकच शब्द. 'मुलगी'.
चहा पिऊन बघतो.

७ जून, चहानंतर
शीटला रंग दिले. सकाळ पिवळी, दुपार निळी. झकास दिसतेय. काकांचं उद्या, शांतपणे.

८ जून
आईचा फोन. मावशी म्हणते, आमच्या पोराला तुझ्या कारखान्यात चिकटव. बघतो म्हटलं. आईचा दुसरा फोन उचलला नाही. तिसराही.
काकांची रिक्वेस्ट तशीच. घाईघाईत परवानगी देणं बरं नव्हे. एवढ्यात ते दोनदा फोन काढून बघताना दिसले. मी पाठ केली.

९ जून, शनिवार, सकाळ
आज घड्या घालायला काकांबरोबर. चादरीचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. घडी घालताना दर वेळी समोरासमोर यावं लागतं. दर वेळी मी चादरीकडेच बघितलं.
एक बटण दाबायचंय. पण आता दाबलं तर त्यांना कळेल, की एक बटणच होतं.
तोडगा सापडला! ओनरशिप साहेबांना परत. पलंगावर पडल्या पडल्या ते मंजूर करतील. मोठ्या माणसाच्या हातून झालेलं बरं. पहिलं अक्षर टाकलं तोच फोनने स्वतःहून नाव पुढे केलं. पाठवलं. सुटलो.

९ जून, दुपार
साहेबांना नाही गेलं. आईला गेलं. दोघांच्या ईमेलचं पहिलं अक्षर एकच. तिचा ईमेल मीच काढून दिला होता, फोटो पाठवायला. फोनवर काहीही विचारलं की ती 'हो' दाबते. दाबलं. आता ओनर आई. आणि नियम माझाच, बदल फक्त ओनर करणार.
फोन केला. तीच आधी म्हणाली, अरे, हा रंगीत तक्ता कसला? कारखाना माझ्या नावावर केलास की काय?
मग सांगितलं. कारखाना नाही. चादरी हॉटेलच्या. मी धुतो.
आता रेंज खरंच गेली असती तर बरं झालं असतं.
मग म्हणाली, बरं. मावशीचं मी बघते. आणि हे 'मुलगी' कुणी लिहिलंय?
काकांचं सांगितलं. म्हणाली, आणि तू इतके दिवस बसून राहिलास? कामात होतो म्हटलं. हो, रंग दिसतायत, म्हणाली. कुठे दाबायचं ते सांग.
सांगितलं. मशीनच्या पलीकडे काकांचा फोन वाजला.
आई म्हणाली, एवढंच होतं?

१० जून, रविवार
काका नवा शर्ट घालून स्टेशनवर गेले म्हणे. शीटमध्ये त्यांच्यापुढे 'सुट्टी' आणि इस्त्रीच्या मशीनपुढे माझं नाव. आईनेच टाकलंय. 'झोपाळू' मात्र तिने खोडलेलं नाही.
वाफ सरळ तोंडावर येते. दोन उशांचे अभ्रे जळाले. मशीनच जुनं आहे. माझी तब्येतही तशी नाजूक, म्हणून दुपारनंतर दुसऱ्या कुणाला तरी लाव अशी रिक्वेस्ट टाकली. कारणाच्या रकान्यात बरंच लिहिलं, सगळं खोडलं. शेवटी एकच शब्द ठेवला. 'मुलगा'.
अजून उत्तर नाही. चहा पीत असेल.