एका केळीला दहा नमो मरिये

बाबा,

सगळं बदललं ते त्या सकाळी, तुम्ही चौथ्या केळीच्या आळ्यात बोट खुपसून "ही कोरडी कशी?" विचारलंत तेव्हा. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. ते मातीचं बोट मला अजून दिसतं.

त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर फादरांनी तिच्या लग्नाची घोषणा वाचली होती, तीन रविवार वाचतात त्यातली शेवटची. गास गावची ती, कॉलेजात माझ्या वर्गातली. मी तिच्यासाठी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना केलेली, आणि नवरा भलताच. सोमवारी कॉलेजात तिच्या भावाची कॉलर धरली, पुस्तकं उचलून कायमचा घरी आलो आणि जपमाळ विहिरीत फेकली. आई रडायला लागली. तुम्ही एवढंच म्हणालात, "विहीर आपलीच आहे. उद्या पाणी तू लाव."

तुमची पद्धत गावाला ठाऊक होती. पाटाचं पाणी एका केळीच्या आळ्यात वळवायचं, सावकाश दहा नमो मरिये म्हणायच्या, तेवढ्यात आळं भरतं, मग पुढची केळ. मी दात खात तीन केळी कशाबशा केल्या. चौथीला शब्द नुसते पळवले आणि पाणी पुढे सोडलं. तेव्हाच तुमचं ते बोट तिच्या आळ्यात गेलं.

"प्रार्थना केलीस की एसटी पकडलीस?"

"देव ऐकत नाही, तर हळू कशाला म्हणू?"

"देवाचं राहू दे. या केळीनं काय केलंय तुझं? हिनं मोडलं तुझं लग्न?"

मला हसू फुटलं, मागोमाग रडू. तुम्ही पाणी परत चौथीत वळवलंत, पहिल्यापासून सुरू केलंत, आणि मी तुमच्या मागून म्हणत गेलो.

तोवर मी फक्त मागायला गुडघे टेकत होतो. त्या दिवसापासून मन लागो न लागो, आळं भरेपर्यंत म्हणायला शिकलो. पावसाळ्यात पाणी लावायचं नसतं, तेव्हा सवय तुटली. पाऊस सरल्यावर तुम्ही फावडं हातात दिलंत, "चल, परत." एका शब्दाने टाकून बोलला नाहीत. त्या न बोलण्याचे उपकार फिटायचे नाहीत, बाबा.

आता मे, मरियेचा महिना आहे. संध्याकाळी क्रूसाजवळ सगळं गाव रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला जमतं, आणि आज पहिल्यांदा ती मी सांगायची आहे, बाकीचे मागून म्हणणार. बायको बाहेरून हाका मारतेय, "अहो, माणसं ताटकळलीत! पत्र काय, उद्या लिहा, पोस्टमन पळून जात नाही."

तिला सांगितलेलं नाही हे कुणाला लिहितोय. आणखी एक कुणालाच सांगितलेलं नाही. बांधावरून शेजाऱ्याशी भांडलो, त्याला चार दिवस झाले. चार दिवस प्रार्थनेचा एक शब्द तोंडातून निघालेला नाही. तो शेजारीही तिथे असेल, पहिल्या रांगेत. आवाज फुटेल की नाही, माहीत नाही.

कागद उशीखाली सारतो. चपला घालतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.