हेडक्लार्कच्या आईचं भाषण

प्रिय भोपळ्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून आधीच सांगून टाकते: आई ठणठणीत आहे. मी बरी आहे. तुझे भावोजी तर काय, त्यांना कधी काही होतच नाही. मग फोन सोडून पत्राचा उपद्व्याप कशाला, असं विचारशील. अरे, फोनवर मी जरा गंभीर व्हायला लागले की तू "जाऊ दे गं ताई" म्हणतोस आणि तुझ्या भाचीच्या परीक्षेवर घसरतोस. पत्राला "जाऊ दे" म्हणता येत नाही. तेव्हा चहा करून घे, खुर्चीत नीट बस आणि मध्ये न उठता वाच. आणि हो, त्रेचाळीस वर्षांचा इंजिनियर झालास तरी मी तुला भोपळ्याच म्हणणार. तिसरीत गणितात लागोपाठ तीन भोपळे तूच आणले होतेस, मी नाही.

आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस झाला हे तुला ठाऊक आहे. त्या सकाळी तू फोन केलास, मी तिला निरोप दिला, आणि ती नेहमीसारखी उठून कुंड्यांना पाणी घालायला गेली. तुला ठाऊक नाही ते पुढचं. त्याच दुपारी चार वाजता आम्ही तिला न कळवता चाळीस माणसं जमवली होती. आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभेच्या खोलीत फुगे, केक, सगळा थाट होता. फक्त तुला बोलावलं नव्हतं. लेक माझ्या मागे लागली होती, "मामाला कळव, मामाला कळव," पण मीच तो विषय टाळला. का टाळला तेच सांगायला बसले आहे. पण मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते, तेवढं सोस.

हा सगळा बेत तुझ्या भाचीचा. कामंही तिनेच वाटून दिली. आईला काहीतरी थाप मारून खाली आणायचं शेजारच्या काकूंनी, खुर्च्या मांडायच्या भावोजींनी, आणि भाषण करायचं मी. म्हणे, "आई, तू तर दिवसभर माईकवरच असतेस." घ्या! बावीस वर्षं बसडेपोतल्या त्या काचेच्या खोपटात बसून मी बोलते तरी काय? कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आणि कुठली पाऊण तास उशिरा येणार. प्रत्येक गोष्ट दोनदा. माणसांविषयी मी माईकवर आजवर काही बोलले असेन तर एवढंच, की लाल फ्रॉकमधली एक लहान मुलगी सापडली आहे, पालकांनी चौकशीच्या खिडकीशी यावं. तेसुद्धा दोनदा.

तरी बसले लिहायला. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला आणि वही एका बाजूला. "आज आपण सर्व येथे जमलो आहोत" एवढं लिहून झालं की पुढे काही सुचेना. सुचेना कसं, सगळं डोळ्यांपुढे होतं. आपली बाहेरची खोली, खिडकीखाली आईचा टाइपरायटर, भिंतीला लागून लोकांना बसायचा बाक. कुणी नोकरीचा अर्ज टाइप करून घ्यायला आलेलं, कुणी राजीनामा, तर कुणी भाऊबंदकीतला करारनामा. तू आणि मी टेबलाखाली बसून अभ्यास करायचो, आणि ओळ संपल्याची घंटा वाजली की तू दर वेळी शाळा सुटल्यासारखं दप्तर आवरायला घ्यायचास. बाबा गाडीची फेरी संपवून घरी यायचे आणि बाकावर जागा नसली तर स्वतःच्याच घरात रांगेत उभे राहायचे. आई मान वर न करता म्हणायची, "पुढचे या." मग बाबा पुढे होऊन अगदी गरिबासारखे विचारायचे, "बाई, चहाचा अर्ज कुठे द्यायचा?" बाक हसायचा. आईसुद्धा हसायची, पण बोटं थांबायची नाहीत.

आणि त्या घराचा कायदा आठवतोय ना? आईच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय एक कागद घराबाहेर जायचा नाही. शाळेच्या रजेची चिठ्ठी नाही की दूधवाल्याला निरोप नाही. डॉक्टरांच्या मुलीला तू लिहिलेलं ते पत्रसुद्धा तिने दप्तरातून काढून तपासलं होतं आणि खाली शेरा मारून परत ठेवलं होतं: "मजकूर बरा. तारीख घातलेली नाही. विनंती नेमकी काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही." तू दोन दिवस जेवला नव्हतास. मी मात्र पोट धरधरून हसले होते, आणि अजूनही हसते.

आता मला सांग, अशा घरात वाढलेल्या बाईने आईला न दाखवता भाषण लिहायचं कसं? नवव्या दिवशी मी हात टेकले आणि जे केलं ते जगात दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. आईवरचं भाषण मी आईलाच तपासायला दिलं. तसं अगदी बावळटासारखं नाही हं. सोंग घेतलं होतं. आमच्या डेपोतल्या हेडक्लार्कच्या आईचा वाढदिवस आहे, त्यांनी भाषण लिहिलंय, जरा नजर घाल म्हटलं. टाइपरायटरचं शिवणयंत्र केलं, अर्जांचे सदरे केले. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते की विचारू नकोस.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला, नेहमीसारखा लालेलाल. पहिल्या ओळीवर काट आणि बाजूला, "जमले आहेत हे जमलेल्यांना दिसते." पुढे एके ठिकाणी मी लिहिलं होतं, की तिच्या बोटांना लागलेला कार्बनचा निळा डाग सुट्टीच्या दिवशीही जायचा नाही. तिथे आईचा शेरा: "शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या बोटांना कार्बन कुठून लागला?" वाचलं आणि मी कपाळाला हात लावला. चेहऱ्यावरून मात्र काही कळू देईल तर ती आपली आई कसली! भाजी निवडत शांतपणे म्हणाली, "हेडक्लार्कना सांग, लिहितात बरं, फक्त पाल्हाळ कमी करा." पण शेवटच्या पानाच्या तळाशी अजून एक शेरा होता, तो मी नंतर, एकटी असताना वाचला. "सुरुवातीला लिहिले आहे की बाईंनी दोन मुले वाढवली. पुढे सबंध भाषणात मुलगा एकदाही येत नाही. विसरला का?"

भोपळ्या, मी विसरले नव्हते रे. मी तुला भाषणात आणूच शकत नव्हते. तुझा उल्लेख केला की बाबांच्या त्या आठवड्यापाशी जाऊन पोचायचं, आणि तिथे मी नऊ वर्षं कुणाला जाऊ दिलं नव्हतं.

तो सोमवार तुला फोनवरून कळला तेवढाच माहीत आहे, माझा ऐक. डॉक्टरांनी मला एकटीला दवाखान्याच्या जिन्याशी नेऊन सांगितलं, की जवळच्या माणसांना बोलावून घ्या, दोन-तीन दिवसांचं काम आहे. मी तिथून सरळ तुला फोन करायला गेले. तू उचललास आणि मी काही बोलायच्या आधीच सांगत सुटलास, की पूल तयार आहे, बुधवारी भरलेले ट्रक नेऊन बघायचेत, साहेबांनी सगळं तुझ्यावर सोपवलंय. आवाजात इतका आनंद होता तुझ्या. आणि माझ्या तोंडून निघालं, "बाबा बरे आहेत, तुझं उरकून ये सावकाश." तुझ्या भल्यासाठी बोलले असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण खरं सांगू? "बाबा जाणार" हे शब्द मला उच्चारायचेच नव्हते. बाबा मंगळवारभर विचारत होते, "आला का तो?" आई दर वेळी दाराकडे बघायची. बुधवारी दुपारी बाबा गेले. तू गुरुवारी आलास.

दारात आईने तुला विचारलं, "झाला का पूल?" तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. मी मूग गिळून उभी राहिले. आणि तू बॅग खाली ठेवून म्हणालास, "झाला." बस. तेव्हापासून ती तुझ्याशी बोलली नाही, तू घरी आला नाहीस, आणि तुम्हां दोघांच्या मध्ये मी निरोप पोचवत राहिले, कशी गुणाची लेक आणि कशी गुणाची बहीण! तू कधी तरी सांगशील, या भीतीने मी पहिली दोन वर्षं धड झोपले नाही. मग कळलं की तू सांगणारच नाहीस. त्याची तर जास्तच लाज वाटायला लागली. वाढदिवसाला तुला बोलावलं नाही ते एवढ्यासाठी. तुम्ही दोघं समोरासमोर आलात आणि एक वाक्य जरी बोललात, तर माझं बिंग फुटणार होतं.

तर समारंभ. काकूंनी आईला "मीटर बघायला माणूस आलाय" असं सांगून खाली आणलं. सगळे ओरडले. आईने छातीला हात लावून अगदी साग्रसंगीत दचकून दाखवलं. मीटर बघायला ठेवणीतले कपडे आणि नव्या चपला घालून कोण येतं, हे फक्त तुझ्या भाचीच्या लक्षात आलं. मग मी उभी राहिले. हातात माईक आला आणि झालं, डेपोचा आवाज लागला. "कृपया लक्ष द्यावे" असंच निघालं तोंडून. हशा पिकला. प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतेय हे मला भावोजींच्या हातवाऱ्यांवरून कळलं, पण थांबता येईना. बाबांचा चहाचा अर्ज सांगितला, म्हातारे वकीलकाका डोळे पुसेपर्यंत हसले. आई पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून ऐकत होती.

शेवटच्या शेऱ्यासाठी मी एक गुळमुळीत वाक्य लिहून आणलं होतं: "तिचा मुलगा दूर असतो, मोठ्या कामांत असतो." ते वाचलं. आईने मान खाली घातली. रागाने नाही. मुलाने परीक्षेत पुन्हा तेच चुकीचं उत्तर लिहिलं की ती घालायची ना, तशी. आणि माझ्याच्याने पुढची ओळ वाचवेना. कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "बाबांच्या वेळी माझा भाऊ उशिरा आला नाही. डॉक्टरांनी मला सोमवारीच सांगितलं होतं. मी त्याला बाबा बरे आहेत असं खोटं सांगितलं, आणि नऊ वर्षं आईला सांगितलं नाही." आणि मेली सवय बघ, श्वास घेऊन तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. पहिल्यांदा लोकांना नीट कळलं नसेलही. दुसऱ्यांदा सगळ्यांना कळलं.

आईने बसल्या जागेवरून विचारलं, "त्याला माहीत होतं हे?" मी म्हटलं, सुरुवातीपासून. "मग बोलला का नाही?" मी म्हटलं, माझ्यासाठी. आई उठली, म्हणाली, "लोक खोळंबलेत, केक कापू या," आणि चाळीस माणसांना स्वतःच्या हाताने केक वाढला. मलाही दिला. वर घरात आल्यावर मात्र म्हणाली, "नऊ वर्षं तू मला माझ्या लेकरावर रागावू दिलंस." पुढे चार दिवस माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. बरोबरच आहे. मी असते तर चार महिने बोलले नसते. पाचव्या दिवशी आपणहून म्हणाली, की भाषण कुणाचं ते तिने पहिल्याच पानावर ओळखलं होतं. मग तो शेरा का मारलास, विचारलं. तर म्हणाली, "त्याच्याबद्दल कुणीतरी चारचौघांत बोलावं असं वाटत होतं गं. माझ्या तोंडून निघत नव्हतं." म्हणजे बघ, मी तोंड उघडायच्या आधीच तिचा राग संपला होता, फक्त तिला तो खाली ठेवता येत नव्हता. आणि मी एवढी वर्षं ते ओझं तिच्या डोक्यावर राहू दिलं. मला माफ कर असं लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. माफ कर रे.

आता हे पत्र कशाला, ते. तेव्हापासून ती रोज सकाळी टाइपरायटरशी बसते. चाळीस वर्षं जगाची पत्रं लिहून दिली या बाईने, पण तुझ्या पत्रात "प्रिय"च्या पुढे तिची बोटं जात नाहीत. टोपलीभर कागद झाले. शेवटी काल म्हणाली, पत्र नको, मी बोलेनच. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता तुझा फोन वाजेल. नंबर अनोळखी दिसेल, लेकीने तिला नवा फोन घेऊन दिलाय. तू अनोळखी नंबर उचलत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून हा सगळा पत्रप्रपंच. उचल. तुला हे आधी सांगितलंय हे तिला माहीत नाही. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येणार नाही, तरी ठेवू नकोस. तिला सुरुवात करता येणार नाही. तूच आधी "आई" म्हण.

तुझीच, कान धरून उभी असलेली,
ताई