पाळीखालची बांधी आणि लुचईचे बियाणे

मी, वासुदेवराव सोनबा दिघोरे, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार मौजा डोहटोली, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत व कोणाचेही न ऐकता (स्वभावच तो) हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोळ्यांनी कमी दिसते, डोके शाबूत आहे.

१. राहते घर व दीड एकर धानाची शेती मुलगा हेमराज, हल्ली मुक्काम नागपूर, याला मिळावी. घर विकायचे तर खुशाल विकावे. तीन वर्षे या घरात मीच बोलतो आणि मीच ऐकतो.

२. शेतीतून तळ्याच्या पाळीखालची एक बांधी, म्हणजे तेवढे एक खाचर, वगळावी. तिच्यात मी लुचई लावतो. हे आमचे जुने धान, वडिलांकडून आलेले. पिकते कमी, वाऱ्याने लोळते, बाजारात त्याला कोणी विचारत नाही. पण भात शिजला की शेजारी कळते. शेजारी भैय्याजी वीस वर्षे म्हणतो, "काहून मरून राहिला गा त्या लुचईपायी?" त्याच्याशी माझे भांडण कायम आहे. नांगर मात्र त्यालाच द्यावा, त्याचा मोडका आहे.

३. हेमराजवरचा राग इथे लिहून मोकळा होतो. तीन वर्षांपूर्वी वैशाखात माझी पत्नी आनंदाबाई वारली. तेरवीच्या पंगतीत पहिला घास तोंडात घेतला आणि ओळखला. धान साठवायच्या ढोलीतले लुचईचे बियाण्याचे धान हेमराजने गिरणीतून काढून आणले होते. म्हणाला, "आईले हाच भात आवडे ना बाबा." पोराने प्रेमानेच केले. बी आणि खायचे धान यांतला फरक मी त्याला कधी शिकवला नाही, नुसता रागावत राहिलो. पाहुणे मागून मागून जेवले. मी पानावरून उठलो, तो आजवर त्याच्यासोबत जेवायला बसलो नाही.

४. दर बुधवारी मासोळ्या विकायला येणाऱ्या सखाबाई नान्हे यांना वरील बांधी, लुचईचे सगळे बियाणे व आनंदाबाईचा विळा द्यावा. कारण लिहितो. तेरवीनंतर त्या दारात आल्या तेव्हा मी रिकाम्या ढोलीपाशी रडत होतो. बायको गेली म्हणून की बी गेले म्हणून, मलाच सांगता आले नसते. त्या म्हणाल्या, "कायले रडता जी? माह्या वाडीत हाये ना लुचई. बाईनं देल्ली होती. एकाच घरी बी ठेवू नोको म्हने."

मासोळ्यांच्या बदल्यात आनंदाबाई धान देते म्हणून मी तिच्यावर कितीदा ओरडलो. ती मुकाट्याने निवडक लोंब्यांचे दाणे पदरात बांधून देत होती. सखाबाई घरामागच्या चार हात जागेत दरवर्षी ते पेरत होत्या. त्यांनी दिलेल्या बियाण्यावरच माझी बांधी पुन्हा उभी राहिली. मला वाटे, हे वेड माझे एकट्याचे. बायकांनी ते सांभाळले आणि मला कोणी बोलले नाही, कारण मी कोणाला बोलूच दिले नाही. आनंदाबाईला एकदा तरी "बरे केलेस" म्हणायचे होते. आता ते कोणाला म्हणू?

५. सखाबाईंचेही वय झाले आहे. त्यांच्यानंतर कोण, हा घोर मला आहे. हेमराजवर सक्ती नाही. वेडाची वाटणी कागदाने होत नसते.

६. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. पण हेमराज, याची एक प्रत मी आजच तुला पोस्टाने पाठवत आहे. पऱ्हे टाकले आहेत, रोपे वर येतील. आषाढात त्यांची रोवणी आहे. मी अजून जिवंत आहे, ये.

वासुदेवराव सोनबा दिघोरे (सही)

साक्षीदार:
१. भैय्याजी तोंडरे, शेजारी (सही, भांडणाचा मजकूर वाचून, मान्य करून)
२. लिलाधर राऊत, निवृत्त शिक्षक (सही)

ठिकाण: लाखांदूर
दिनांक: १८ जून २०२५