गादीत शिवलेला मोबाईल

राजुरा

प्रिय निकेशभाऊ,

सलाम अन् रामराम, दोन्ही घे. तुह्या उपकाराले एक पुरणार नाई. तुहा गुडघा कसा आहे? दिव्यानीवहिनीची कंबर? धानात रानडुकरं शिरली होती असं ऐकलं. त्यांना तू काही सल्ला दिला नसशील तर ती सुखरूप असतील. इथी सगळे खुशाल आहेत. मी तेवढा पायाच्या अंगठ्याले पट्टी बांधून बसलो आहे, अन् ती काऊन बांधावी लागली हे कळवाले हे पत्र.

तुह्या पोरीच्या बारशात तू माह्या मुबीनले कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेलं पाहिलं. बाकीची पोरं अंगणात धिंगाणा घालून राह्यली होती. तू तोंडात बुंदी असतानाच फर्मावलं, "जाहिद, मोबाईल लपव अन् पोरासंग तू स्वतः खेळ." किती सोपं. एवढी अक्कल फुकट वाटणारा माणूस मुलचेऱ्याकडे धान लावत बसला आहे, हे देशाचं नुकसानच म्हणाचं.

पण खोटं काऊन बोलू, गोष्ट खरी होती. माहं गादीचं दुकान तू पाहिलं आहेस. पोरगं चार वर्षांचं. सकाळी शटर वर गेलं की हा तयार गाद्यांच्या थप्पीवर चढाचा, मोबाईल घ्याचा, अन् दिवस बुडताना मगरिबची अजान होईपर्यंत उतराचा नाई. शकिला तिथीच घास भरवाची, कारण मोबाईल नसला तर ह्याचं तोंड उघडत नसे. गिऱ्हाईक पाहून खूश होत, की लेकरू एवढं आरामात बसते म्हणजे गादी चांगलीच असंल. मीही म्हटलं, फुकटची जाहिरात आहे, बसू दे. एकदा समोरच्या कौलावर माकड आलं, तर ह्यानं थोडंसं पाहिलं अन् मले म्हणाला, "अब्बा, आगे बढ़ाओ." माकड पुढं सरकवाले सांगून राह्यला होता. आम्ही हसलो. पण बारशाहून परत आल्यावर शेजारच्या चैतूनं त्याले शिवाशिवी खेळाले ओढून नेलं, तर हा चार घरं ओलांडून रस्त्यातच बसला. तोंड उघडं, छाती भात्यासारखी. चार वर्षांचं लेकरू, अन् बसलं म्हाताऱ्यासारखं. तेव्हा मात्र मले हसू आलं नाई.

तर माहा मोबाईल लपवाचं ठरलं. कुठी लपवाचा? मी पडलो कारागीर माणूस. अर्धी भरलेली गादी समोर होती, तिच्या कापसात खुपसला अन् नमाजले गेलो. शकिलाले सांगाचं राह्यलं. (तिले अर्धं काम पाहावत नाई. हा गुण आहे असं मले लग्नाच्या वेळी सांगितलं होतं.) परत येतो तर गादी भरून, शिवून, टाके मारून, पोंभुर्ण्याकडच्या दादाजी नावाच्या शेतकऱ्याच्या गाडीत बसून गेलेली. मुबीन रडून राह्यला होता, शकिला मोबाईल कुठी ठेवला म्हणून विचारून राह्यली होती, अन् मी सांगितलं की सुरक्षित जागी आहे. नरम जागी आहे, हेही खरंच होतं.

त्या मोबाईलमध्ये अजानचा गजर होता. संध्याकाळी दादाजीच्या घरी गादी अजान द्याले लागली. तुले वाटंल, घाबरून बाहेर फेकली असंल. नाई. त्याच्या म्हाताऱ्या मायनं, रुखमाबाईनं, डोक्यावर पदर घेतला, गादीपुढं अगरबत्ती लावली, अन् घरातल्या कोणाले तिच्यावर बसू दिलं नाई. नवी गादी असून सगळे जमिनीवर झोपले. चार्जिंग संपली तशी गादी गप्प झाली, तर बाईले वाटलं आपल्याच हातून काही चुकलं. शेवटी दादाजीनं शकिलाच्या साध्या फोनवर फोन लावला. तक्रार नव्हती, काळजी होती. "बाई, तुमची गादी आता बोलत नाई," म्हणाला.

इकडे मुबीन एक दिवस जेवला नाई, दुसऱ्या दिवशी भुकेनं जेवला. मी मात्र सुधारलो नाई. हात रिकामा असला की माहा अंगठा हवेतच वरखाली होऊन राह्यला होता, अन् ही बातमी शकिलानं साऱ्या मोहल्ल्यात पोचवली.

मुबीनले स्कूटरवर बसवून मी दादाजीच्या गावाले गेलो. रुखमाबाई गादी उसवू देईना. मी समजावलं की आत मोबाईल आहे. मोबाईल गादीत काऊन घातला, तिनं विचारलं. पोराच्या नजरेस पडू नये म्हणून, मी सांगितलं. माह्या पायाले चिकटून उभ्या राह्यलेल्या मुबीनले तिनं नीट पाहिलं.

"मंग पोराले इथी ठेव," ती म्हणाली, "अन् मोबाईलले घरी घेऊन जाय."

शेवटी तिनं होकार दिला. अंगणात गादी उसवली, कापूस उन्हात पसरला. मुबीन उभाच. तेवढ्यात एक कोंबडी कापसात शिरली. हा तिले हाकलाले गेला. कोंबडी पळाली, हा तिच्यामागं पळाला. तणसाच्या ढिगाले वळसा घालून दोघं परत कापसात. पडला, उठला, धापा टाकून राह्यला होता पण बसला नाई. नाकातोंडाले कापूस, अन् हसणं असं की मी ते कधी ऐकलंच नव्हतं. माह्या हातात मोबाईल होता, सापडलेला. तो खिशात टाकावा हेही सुचलं नाई. नंतर रुखमाबाईनं भात अन् वांग्याची भाजी वाढली, ती त्यानं आपल्या हातानं खाल्ली अन् पुन्हा मागितली. हे मी घरी येऊन शकिलाले सांगाले लागलो तर मलेच पुरं सांगता येईना.

झालं ते चांगलं झालं, पण निकेशभाऊ, पोराले हलव म्हणताना बापालेही हलावं लागते हे तू बुंदीसंग गिळलंस. आता रोज संध्याकाळी मी अस्वल असतो. परवा एक होणारे सासरेबुवा पोरीच्या लग्नाच्या गाद्या पाहाले आले, तर दुकानदार चार पायांवर गुरगुरून राह्यला होता. अस्वलानंच त्यांना माप विचारलं. लंगडी खेळताना माह्या पायाचा अंगठा शिलाई मशीनवर आदळला. मुबीनले काही झालं नाई. तो आता चैतूच्या घरी जाऊन त्यालेच बाहेर ओढते.

शकिलाचा सलाम. वहिनीले नमस्कार, पोरीले प्यार.

तुहा (अजून तरी) दोस्त,
जाहिद

ता.क. फोन संध्याकाळी करू नको. अस्वल फोन उचलत नाई.

ता.क. २. तुही बकरी व्याली असं कळलं. एक पिलू मुबीनसाठी पाठवशील का? लेकराले मुक्या जनावराचा लळा लागावा, दया शिकावी, एवढाच हेतू.

ता.क. ३. शकिलानं वाचलं अन् म्हणते, दोस्ताले तरी खरं लिहा. तर खरं असं, की पिलू मुबीनसंग पळंल अन् मी बसून राहीन. चांगलं चपळ पाहून पाठव; दया शिकवणारं नको, दिवस बुडेपर्यंत टिकणारं पाहिजे.